पाळणा, पाळत आणि राखण

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, आयुष्यभर प्रमाणशास्त्र शिकवलंत आणि आता बाळाच्या कॅमेऱ्यावर बोलणार?" आम्ही त्यांना म्हटलं, प्रमाणशास्त्रावरच बोलणार आहोत. फक्त घट आणि पट यांच्या जागी या वेळी पाळणा घेतला आहे.

आधी पार्श्वभूमी सांगतो. आमची लेक न्यू जर्सीत असते. दोन वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली. सुरुवातीचे तीन महिने आम्ही उभयता तिकडेच होतो. परत निघताना जावयांनी आमच्या फोनवर एक अॅप घालून दिलं. नातीच्या पाळण्यावर जो कॅमेरा लावला होता, त्यातलं चित्र आम्हाला पुण्यात बसून दिसू लागलं. झोपेचे तास, किती वेळा जाग आली, मिनिटाला किती श्वास, सगळं. रोज सकाळी त्या झोपेला शंभरपैकी गुणसुद्धा मिळायचे! आम्ही चाळीस वर्षं पेपर तपासले, पण झोपेला गुण देण्याची कल्पना आम्हाला काही सुचली नाही.

या कॅमेऱ्याच्या बाबतीत दोन प्रसंग घडले. ते आत्ता सांगून ठेवतो, कारण आजचं सगळं व्याख्यान म्हणजे या दोन प्रसंगांचा उलगडा आहे.

पहिला प्रसंग. आमच्याकडे दुपारचे साडेबारा, तिकडे पहाटेचे तीन. आम्ही जेवायला बसलो होतो. फोन किंचाळला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली: श्वासाची हालचाल आढळत नाही. हातातला घास हातातच राहिला. लेकीला फोन लावला, ती आधीच धावत गेली होती. नात कुशीवर वळून पाळण्याच्या कोपऱ्यात सरकली होती आणि गाढ झोपली होती, एवढंच. पण त्यानंतर कित्येक रात्री आमची लेक झोपली नाही. मुलगी झोपायची आणि आई पडद्याकडे बघत बसायची.

दुसरा प्रसंग त्यानंतर दोनेक महिन्यांनी. त्या रात्री अॅपमध्ये सगळं हिरवं होतं. झोपेला गुण उत्तम. पण सकाळी लेक म्हणाली, "आई, ही दूध ओढत नाहीये गं." आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "आधी डॉक्टरांकडे जा." डॉक्टरांनी मुलीला तपासलं, छातीत कफ होता आणि श्वास जलद चालला होता. वेळेवर उपचार झाले, मुलगी बरी झाली.

म्हणजे काय झालं? काही नव्हतं तेव्हा यंत्र ओरडलं आणि काही होतं तेव्हा गप्प राहिलं. एका यंत्राच्या दोन चुकांवरून सगळ्या यंत्रांना दोष देणं हे तर्काला धरून नाही. पण चूक का होते हे समजून घ्यायला हरकत नाही.

हे यंत्र आलं कुठून

पाळण्यावर दुरून कान ठेवण्याची कल्पना जुनी आहे. १९३२ साली अमेरिकेत विमानवीर चार्ल्स लिंडबर्ग यांच्या तान्ह्या मुलाचं घरातून अपहरण झालं आणि पुढे त्या बाळाचा मृतदेह सापडला. सगळा देश हादरला. झेनिथ या रेडिओ कंपनीचे प्रमुख युजीन मॅक्डोनाल्ड यांना आपल्या मुलीची काळजी वाटू लागली आणि त्यातून १९३७ च्या सुमारास 'रेडिओ नर्स' नावाचं यंत्र तयार झालं. बाळाजवळ एक ध्वनिग्राहक आणि आईबापांजवळ एक ध्वनिक्षेपक. त्या ध्वनिक्षेपकाचं बेकेलाइटचं कवच प्रख्यात शिल्पकार इसामु नोगुची यांनी घडवलं होतं. आज ती वस्तू संग्रहालयांत ठेवली जाते.

यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की या यंत्राचा जन्म भीतीतून झाला. आणि दुसरी गोष्ट, बाळ वेगळ्या खोलीत झोपतं हे त्यात गृहीत आहे. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत, आजी पलीकडच्या अंथरुणावर, मध्ये एक पाळणा. तिथे रेडिओ नर्स कशाला हवी? पण आता दोन खोल्यांची घरं झाली, आजी पुण्यात आणि नात न्यू जर्सीत अशी स्थिती झाली, आणि ते यंत्र आपल्याही घरात आलं.

कॅमेरा नक्की काय पाहतो?

आता थोडं तंत्र समजून घेऊ. कठीण नाही.

अंधारात कॅमेऱ्याला दिसतं कसं? त्यात अवरक्त प्रकाशाचे छोटे दिवे असतात. तो प्रकाश आपल्या डोळ्याला जवळजवळ दिसत नाही, कॅमेऱ्याच्या संवेदकाला दिसतो. पण या प्रकाशात खरे रंग कळत नाहीत, चित्र काळंपांढरं येतं. म्हणजे ओठ निळे पडले आहेत का, अंगावर कावीळ आहे का, हे रात्रीच्या चित्रात कळणार नाही. आजी मात्र दिवा लावून बघते!

बरं, श्वास कसा मोजतात? बाळाची छाती श्वासागणिक अगदी थोडी वरखाली होते. कॅमेरा सेकंदाला साधारण पंधरा ते तीस चित्रं टिपतो. एका चित्रातून दुसरं वजा केलं की जिथे हालचाल आहे तेवढाच भाग उरतो. नवजात बाळाचे श्वास मिनिटाला साधारण ३० ते ६०, म्हणजे एक श्वास एक ते दोन सेकंदांचा. संगणक या लयीतली हालचाल तेवढी ठेवतो, बाकीची गाळून टाकतो. काही कंपन्या बाळाच्या छातीभोवती ठळक नक्षीचा पट्टा बांधायला देतात, म्हणजे कॅमेऱ्याला माग काढायला खूण मिळते. २०१२ साली एमआयटीतल्या संशोधकांनी चित्रफितीतले सूक्ष्म बदल गणिताने मोठे करून दाखवले. त्यांच्या उदाहरणांत झोपलेल्या बाळाचा श्वासही होता. एरवी निश्चल वाटणारं बाळ त्यात स्पष्ट श्वास घेताना दिसतं. नाडीच्या ठोक्यागणिक चेहऱ्याच्या कातडीचा रंग किंचित बदलतो, तोही टिपता येतो. पण त्याला चांगला उजेड लागतो आणि चेहरा स्थिर लागतो.

हे सगळं थक्क करणारं आहे, यात वाद नाही. पण मंडळी, कॅमेऱ्याने श्वास पाहिला का? नाही. त्याने हालचाल पाहिली आणि श्वासाचं *अनुमान* केलं. इथे आमचे नैयायिक कामाला येतात.

पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. हे अनुमान का चालतं? कारण जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की आहे. आता कॅमेऱ्याचं अनुमान बघा. छाती हलते आहे, म्हणून श्वास चालू आहे. ही व्याप्ती पक्की आहे का? घशात अडथळा आला तर छाती हलत राहते, आणि हवा मात्र आत जात नाही. हालचाल आहे, श्वास नाही! शिवाय आपल्याकडची मच्छरदाणी घ्या. पंख्याच्या वाऱ्याने ती संथपणे हलते, आणि तिची लय श्वासाच्या लयीशी जुळली तर यंत्र फसू शकतं. हेतू साध्याला सोडून दुसरीकडेही आढळतो. न्यायशास्त्र अशा हेतूला सव्यभिचार म्हणतं. शास्त्र जुनं, दोष अगदी आजचा.

आता उलटी बाजू. हालचाल *दिसत नाही*, म्हणून श्वास नाही. हे अभावाचं ज्ञान. कुमारिल भट्टांच्या मीमांसेत यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं आहे. पण त्याला एक अट आहे, ती फार महत्त्वाची. वस्तू तिथे असती तर ती *दिसलीच असती*, अशी परिस्थिती हवी. टेबलावर लख्ख उजेड आहे आणि घडा दिसत नाही, तर घडा नाही असं म्हणता येईल. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, तर घडा नाही असं म्हणता येणार नाही. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात. आमची नात कोपऱ्यात सरकली, अंगावर दुपटं होतं, कॅमेऱ्याचा कोन चुकला. श्वास चालू होता, पण तो दिसण्याची योग्यताच उरली नव्हती. यंत्राने "मला दिसत नाही" एवढंच म्हणायला हवं होतं. आम्ही आणि लेकीने त्याचा अर्थ "श्वास नाही" असा घेतला. त्या दोन वाक्यांमधल्या अंतरात आमच्या लेकीची झोप गेली.

आणि दुसरा प्रसंग? तिथे यंत्राने खोटं काहीच सांगितलं नाही. झोप मोजली, हालचाल मोजली. पण आजारी बाळही शांत पडून राहतं. "दूध ओढत नाही" ही खूण कॅमेऱ्याच्या कक्षेतच नव्हती. ती आईला कळली, कारण ती खूण आईच्या अंगाला कळते.

एका सिद्धान्ताची गोष्ट

कोणी म्हणेल, सर, चुका होऊ द्या. शंभर खोट्या धोक्याच्या घंटा वाजल्या तरी चालतील, एक खरी वाजली तर जीव वाचेल. हा युक्तिवाद भावनेला एकदम पटतो. म्हणूनच तो तपासला पाहिजे.

काही बाळं झोपेत अचानक दगावतात आणि शवविच्छेदनातही कारण सापडत नाही. याला आकस्मिक अर्भकमृत्यू म्हणतात, इंग्रजी आद्याक्षरांवरून सिड्स. १९७२ साली अमेरिकेतले डॉक्टर आल्फ्रेड स्टाइनश्नायडर यांनी एक शोधनिबंध लिहिला. झोपेत श्वास वारंवार थांबणं हे या मृत्यूंचं पूर्वलक्षण असावं, असं त्यांनी मांडलं. त्यांनी अभ्यासलेल्या पाच बाळांपैकी दोन भावंडं दगावली होती. हा विचार सर्वत्र पसरला. श्वास थांबणं हे पूर्वलक्षण असेल तर यंत्राने पहारा ठेवता येईल! घरोघरी श्वासमापक यंत्रं गेली.

पुढे काय झालं? त्या दोन भावंडांच्या आईवर, वनिता हॉइट यांच्यावर, खटला चालला. १९९५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यायालयाने त्यांना स्वतःच्या पाच मुलांच्या हत्येबद्दल दोषी ठरवलं. त्या पाचांत निबंधातली ती दोन्ही बाळं होती. ज्या उदाहरणावर सिद्धान्त उभा होता, ते उदाहरणच खोटं निघालं. नंतर २००१ साली हजारावर बाळांवर घरी यंत्रं लावून केलेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निरोगी बाळांतही श्वास मध्येच थबकण्याचे, नाडी मंदावण्याचे प्रसंग सर्रास आढळले. तान्ह्या बाळाचा श्वास पाच-दहा सेकंद थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, हे बहुतेक वेळा स्वाभाविक असतं.

मग मृत्यू कमी झाले कशाने? एका साध्या सूचनेने. बाळाला पालथं न निजवता *पाठीवर* निजवा. अमेरिकेत १९९४ मध्ये ही मोहीम सुरू झाली आणि काही वर्षांतच सिड्सने होणारे मृत्यू निम्म्याच्या आसपास आले. ना यंत्र, ना अॅप. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही सांगते, की घरगुती यंत्रं सिड्स टाळण्याचा उपाय म्हणून वापरू नका. बाळ पाठीवर, गादी सपाट आणि घट्ट, अंथरुणात उशी-तक्क्या नाही, आणि निदान पहिले सहा महिने बाळ आईबापांच्या खोलीतच, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर. आपल्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. प्रेमाने देतात; पण झोपेत उशी नको, असं ही सूचना सांगते.

आता थोडा हिशेब करू. समजा, यंत्र फार चांगलं आहे, शंभर रात्रींत एकदाच खोटं ओरडतं. हजार बाळांवर सहा महिने, म्हणजे सुमारे १८० रात्री ते लावलं. एकूण १,८०,००० रात्री, खोट्या घंटा १,८००. हजार बाळांत खरा प्रसंग फार तर एखादा. म्हणजे घंटा वाजली तर ती खरी असण्याची शक्यता जवळजवळ दोन हजारांत एक. यंत्र वाईट म्हणून नव्हे, तर घटना दुर्मिळ म्हणून! दुर्मिळ गोष्टीवर पहारा बसवला की पहारेकऱ्याचे बहुतेक इशारे खोटेच निघतात. आणि रोज लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्याचं शेवटी काय होतं, ते तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे.

नियमनाचंही थोडक्यात सांगतो. पायात घालायचा, रक्तातला प्राणवायू मोजणारा मोजा आऊलेट कंपनीने बाजारात आणला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने कंपनीला पत्र लिहिलं, की हे वैद्यकीय उपकरण आहे आणि तुम्ही ते मंजुरीविना विकत आहात. २०२३ मध्ये सुधारित उपकरणाला निरोगी बाळांसाठी मंजुरी मिळाली. पण 'माप बरोबर आहे' आणि 'जीव वाचतो' या दोन वेगवेगळ्या प्रतिज्ञा आहेत. पहिली सिद्ध झाली म्हणून दुसरी आपोआप सिद्ध होत नाही.

गडचिरोलीचे मणी

श्वास मोजणं निरर्थक आहे असं आम्ही म्हणतोय का? अजिबात नाही. उलट, आपल्या महाराष्ट्रातच त्याचं फार सुंदर उदाहरण आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या खेड्यांत बाळांचे श्वास मोजायला शिकवलं. न्यूमोनिया झाला की श्वास जलद होतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त असतील तर धोका. पण जिला मोठे आकडे मोजता येत नाहीत, तिने काय करायचं? त्यांनी मण्यांचं आणि वाळूच्या घड्याळाचं एक साधं श्वासमापक केलं. वाळू संपेपर्यंत मणी सरकवायचे, ठरावीक खुणेपर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा. पुढे त्यांनी गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं आणि त्यांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी घटला होता. आज आशाताई घरोघरी जातात, त्यामागे हे काम आहे.

मणी आणि कॅमेरा यांत फरक कोणता? अचूकता म्हणाल तर कॅमेरा केव्हाही पुढे. पण मणी सरकवणारी बाई बाळाच्या *समोर* बसलेली असते. ती विचारते, दूध पितंय का? अंग गार लागतंय का? छाती आत ओढली जातेय का? आणि आकडा जास्त आला तर पुढे काय करायचं, हे तिला शिकवलेलं असतं. आकड्याच्या पुढच्या टोकाला माणूस होता आणि उपाय होता. कॅमेऱ्याचा आकडा पहाटे तीन वाजता एका थकलेल्या आईच्या हातात येऊन पडतो. तिने त्याचं काय करायचं?

पाळत की राखण?

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या दृष्टीने सगळ्यांत नाजूक.

मराठीत दोन शब्द आहेत: पाळत आणि राखण. दोन्हींत लक्ष ठेवणं आहे. पण पाळत संशयिताची ठेवतात आणि राखण आपल्या माणसाची करतात. पाळत दुरून, लपून चालते. राखण करणारा जवळ असतो, आणि ज्याची राखण होते त्याला ते ठाऊक असतं.

कॅमेरा पाळण्यावर लावला तरी त्यात फक्त बाळ येत नाही. बाळाला सांभाळणारी बाई येते. तिला सांगितलंय का, की तुझं येणंजाणं, बोलणं टिपलं जातंय? सून येते, आणि सासूबाई दुसऱ्या शहरातून बघत असतात. आमच्याच घरचं सांगतो. एका रात्री नात रडत होती. त्या कॅमेऱ्यातून बोलताही येतं. आमच्या सौभाग्यवती पुण्यातून म्हणाल्या, "अगं, उचल की तिला!" तिकडे अंधाऱ्या खोलीत जावई पाळण्याशेजारी बसले होते. अचानक भिंतीतून सासूबाईंचा आवाज! हसलात ना? आम्हीही हसलो होतो. जावई हसले नव्हते.

आपल्याला बघता येतं तसं परक्यालाही बघता येऊ शकतं. २०१३ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ट्रेंडनेट कंपनीवर कारवाई केली. तिच्या जवळजवळ सातशे कॅमेऱ्यांची थेट चित्रं इंटरनेटवर उघडी पडली होती. त्यांत पाळण्यात झोपलेली बाळंही होती. भारतात २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती लागते. घरगुती कारणासाठी आपण स्वतः जे करतो त्याला तो कायदा लागत नाही. म्हणजे कंपनीला कायदा आहे; आजी-आजोबांना फक्त विवेक आहे.

ब्रिटिश मानसविश्लेषक विनिकॉट यांनी १९५८ च्या एका निबंधात एक सूक्ष्म गोष्ट मांडली. एकटं राहण्याची क्षमता माणसाला कुठून येते? तर लहानपणी आईच्या सान्निध्यात एकटं राहण्यातून. आई जवळ आहे, पण ती टक लावून बघत नाही. ती निवडणटिपण करतेय, मूल आपल्यात रमलंय. या भरवशातूनच पुढचा एकांत झेपतो. आम्हाला वाटतं, हे आईबापांनाही लागू आहे. क्षणभर न बघता राहता येणं हीसुद्धा पालकत्वाची एक क्षमता आहे, आणि सतत समोर असलेला पडदा ती हळूहळू हिरावून घेतो.

आम्ही शेवटी काय केलं? आम्ही ते अॅप आमच्या फोनवरून काढून टाकलं. पहिले काही दिवस चुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोला! आता लेक रविवारी फोन करते, नात समोर येऊन बडबडते. आता आम्हाला कमी दिसतं, पण तिला ठाऊक असतं की आजी-आजोबा बघत आहेत.

प्रश्नोत्तरांतून

*एका श्रोत्या:* सर, मग कॅमेरा घ्यावा की घेऊ नये?

घ्या की. स्वयंपाकघरातून बाळ जागं झालं का हे बघायला तो उत्तम. त्याला डोळा समजा, वैद्य समजू नका. वायर गळ्यापासून लांब ठेवा, निदान तीन फूट. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. श्वासाची धोक्याची घंटा लावायची की नाही, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि सांभाळणाऱ्या बाईंना कॅमेरा आहे हे तोंडावर सांगा.

*एक श्रोते:* आमचा नातू सातव्या महिन्यात झाला. रुग्णालयाने घरी मॉनिटर दिला आहे. तोही काढायचा का?

नाही नाही, मुळीच नाही. तो डॉक्टरांनी त्या बाळाची तपासणी करून दिला आहे. घंटा वाजली तर काय करायचं हेही त्यांनी शिकवलं असेल. नसेल तर आजच विचारून घ्या. आमचा आक्षेप मोजण्यावर नाही. मोजलेल्या आकड्याला वाली नसतो, तिथे आक्षेप आहे.

*एका श्रोत्या:* पण भीती वाटते त्याचं काय करायचं?

बाई, भीती वाटणारच. ती प्रेमाचीच दुसरी बाजू आहे, यंत्राने ती जात नाही. बाळाला पाठीवर निजवा, उशी काढा, अंथरूण आपल्या शेजारी घ्या. रात्रीची पाळी दोघांनी वाटून घ्या. आणि आजीला बोलवा. कॅमेऱ्यावर नव्हे, घरी.